नाडी ओळखणारा माणूस : सर रॉबर्ट वॉटसन-वॉट

कॅडेट मित्रांनो, मराठी पानासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून पाठवा, असा निरोप शाळेकडून आला तेव्हा मी दिवाळीच्या तयारीत होतो. हवाई दलातून निवृत्त झाल्यापासून मी लखनौच्या आलमबागेत राहतो. घरापासून थोड्याच अंतरावर ती जुनी बाग आहे, जिच्यात जनरल हॅवलॉकची कबर आहे. नातू आपल्याच शाळेत शिकतो. सुटीत आला की त्याला घेऊन मी तिथे एक फेरी मारतो आणि 1857 च्या नोव्हेंबरची गोष्ट सांगतो. रेसिडेन्सीत अडकलेल्या इंग्रजांनी तिथल्या छपरावर एक खांब उभारला आणि त्याला हलते हात लावले. तसाच दुसरा आलमबागेत उभारला. मधल्या काही मैलांत वेढा घालणारे सैन्य होते, आणि त्यांच्या डोक्यावरून हे हात एकमेकांशी बोलत होते.

यंदा नातवाने विचारले की, वेढा घालणाऱ्यांना ते हात दिसत होते ना, मग त्यांनी तो संदेश बिघडवला का नाही? धूर करायचा, नाहीतर तिसरा खोटा खांब उभा करून भलतेच हात हलवायचे.

हे ऐकून मला फार बरे वाटले. माझ्या नोकरीची बरीच वर्षे याच कामात गेली. फरक इतकाच की आमच्या वेळी हलते हात नव्हते, रडारच्या पल्स होत्या. पल्स म्हणजे रेडिओ लहरींचा क्षणभराचा ठोका. रडार ठोका मारते, प्रतिध्वनीची वाट पाहते, पुन्हा ठोका मारते. हे ठोके ओळखायचे, त्यांची लय धरायची, हातातून सुटली तर पुन्हा पकडायची आणि त्या लयीवर आपला खोटा ठोका बसवायचा, याला आम्ही जॅमिंग म्हणतो. मग चरित्र कोणाचे लिहायचे हा प्रश्नच उरला नाही. रडारचा जनक म्हणून ज्याचे नाव सगळ्यांना माहीत आहे, त्याला आम्ही जॅमिंगवाले वेगळ्याच कारणासाठी ओळखतो.

रॉबर्ट वॉटसन-वॉट यांचा जन्म 13 एप्रिल 1892 रोजी स्कॉटलंडमधल्या ब्रेखिन या लहान गावी झाला. वडील सुतार होते. वाफेच्या इंजिनाच्या जेम्स वॉटशी घराण्याचे नाते असल्याचे घरात सांगितले जाई. मुलगा डंडीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनियर झाला. तिथे विल्यम पेडी नावाच्या प्राध्यापकांनी त्याला रेडिओचा नाद लावला. चांगले शिक्षक काय करतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा या तरुणाला युद्धखात्यात रेडिओचे काम हवे होते. ते मिळाले नाही. मिळाली ती हवामान खात्यातली नोकरी. काम होते वीज कुठे पडते आहे ते आधी सांगायचे, म्हणजे वैमानिकांना वादळाची सूचना देता येईल. आपल्यापैकी कोणाला अशी नेमणूक मिळाली असती तर आपण घरी पत्र लिहून कुरकुर केली असती.

पण या कुरकुरीच्या नेमणुकीतच त्यांचे आयुष्य घडले. पाऊस सुरू असताना जुन्या रेडिओवर जो कडकड आवाज येतो, तो विजेचा. ती कडकड कुठल्या दिशेने आली हे कळण्यासाठी तेव्हा तारेची एक चौकट हाताने फिरवत. आवाज जिथे बारीक होईल तिथून दिशा काढायची. बोलत राहणाऱ्या रेडिओ केंद्रासाठी हे ठीक होते, पण वीज काही थांबून बोलत नाही. चौकटीला हात लावेपर्यंत ती गेलेली असते.

वॉटसन-वॉट यांनी चौकट फिरवणेच बंद केले. दोन चौकटी काटकोनात कायमच्या उभ्या केल्या, एक उत्तर-दक्षिण आणि दुसरी पूर्व-पश्चिम. दोघींत आलेला संकेत कॅथोड-किरण नळीच्या दोन जोड पट्ट्यांना दिला. ही नळी त्यांना 1923 च्या सुमारास मिळाली. संकेत आला की पडद्यावर एक रेघ उमटे, आणि रेघेचा कोन म्हणजेच विजेची दिशा. संकेत क्षणभराचा असला तरी रेघ दिसे. रेघेला दोन टोके असतात, त्यामुळे वीज पुढे की मागे ही शंका राहते. तिच्यासाठी आणखी एक अँटेना लागते. जे. एफ. हर्ड या सहकाऱ्यासह त्यांनी 1926 साली हे यंत्र जगापुढे मांडले. वातावरणातल्या ज्या थरावरून रेडिओ लहरी परततात त्याला आयनोस्फिअर म्हणावे, ही सूचनाही त्यांचीच.

इथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे, नाहीतर या रेघेचे मोल तुम्हाला कळणार नाही.

मी नवा होतो. एका सरावात आमच्या तुकडीकडे जॅमर होता आणि समोरच्या बाजूचे रडार आंधळे करण्याचे काम होते. हे कसे होते ते आधी समजून घ्या. आमचा रिसीव्हर प्रत्येक पल्स आल्याची वेळ टिपतो. दोन वेळांमधले अंतर काढतो. आकाशात एकाच वेळी अनेक रडारच्या पल्स मिसळलेल्या असतात, जशा जत्रेत चार ढोल एकदम वाजतात. त्यातून एका ढोलाची लय वेगळी काढावी लागते. ती सापडली की पुढचा ठोका केव्हा येणार हे आधीच सांगता येते. आधी सांगता येणे हेच सगळे आहे. रडारची पल्स आपल्यापर्यंत आल्यावर उत्तर दिले तर खोटे विमान खऱ्याच्या मागेच दिसणार. ते खऱ्याच्या पुढे दाखवायचे असेल तर पल्स येण्याआधीच आपला ठोका सुटला पाहिजे. त्यासाठी अपेक्षित वेळेभोवती एक अरुंद खिडकी उघडायची, तिच्यात आली ती आपली पल्स, बाकी सगळा गोंगाट.

पण लय सुटते. रडारची अँटेना फिरून दुसरीकडे पाहू लागते. कधी आपल्याच जॅमरच्या आवाजाने आपले कान बंद होतात, म्हणून मध्ये थांबून ऐकावे लागते. अशा वेळी तबला थांबला तरी गवई मनात मात्रा मोजत राहतो आणि समेवर बरोबर येतो, तसे यंत्राला मोजत राहावे लागते. दर चुकलेल्या ठोक्यागणिक मोजण्यातली चूक वाढत जाते, म्हणून खिडकी थोडी थोडी रुंद करायची. फार रुंद केली तर परके ठोके आत शिरतात. किती वेळ धीर धरायचा आणि केव्हा हात झटकून नव्याने शोध घ्यायचा, यातच माणसाचा कस लागतो.

त्या दिवशी समोरचे रडार गप्प झाले. मी खिडकी रुंद केली. थोड्याच वेळात ठोके पुन्हा आले, अंतर जवळजवळ तेच. मी खूश होऊन जॅमर सोडला. ते आमच्याच बाजूचे दुसरे रडार होते. बरीच मिनिटे मी आपल्याच माणसांना आंधळे केले, आणि समोरची विमाने ज्या पुलाचे रक्षण करायचे होते त्याच्यावरून आरामात गेली. पंचांनी वहीत पूल उडाला अशी नोंद केली. वहीतलाच पूल, पण त्या रात्री मला जेवण गेले नाही.

आमच्या वॉरंट ऑफिसर साहेबांनी मला रागावले नाही. त्यांनी फक्त विचारले की दिशेची रेघ पाहिली होती का. मी नुसती लय पाहिली होती. ठोके परत आले तेव्हा दिशा बदललेली होती, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर पडद्यावर होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रशिक्षणाच्या टिपणांतले एक पान माझ्यापुढे ठेवले. त्यावरच्या आकृतीखाली वॉटसन-वॉट पद्धत असे लिहिले होते. वीज शोधणाऱ्या त्या यंत्राचेच तत्त्व. दिशा काढण्याची ती रीत आजही त्याच नावाने शिकवतात.

आता रडारकडे येतो. 1934 च्या सुमारास ब्रिटनला जर्मन विमानांची चिंता लागली होती. मृत्युकिरणाच्या वावड्या उठत होत्या, आणि शंभर यार्डांवरून एक मेंढी मारून दाखवणाऱ्याला हवाई मंत्रालयाने हजार पौंडांचे बक्षीस लावले होते. मेंढ्या सुखरूप राहिल्या. मंत्रालयाच्या विम्परिस यांनी वॉटसन-वॉट यांचे मत मागवले. त्यांनी आपला सहकारी अर्नॉल्ड विल्किन्स याला एक गणित दिले : अमुक अंतरावरून आठ पिंट पाणी ताप चढल्याइतके गरम करायला किती रेडिओ शक्ती लागेल? आठ पिंट म्हणजे माणसाच्या अंगातले रक्त हे विल्किन्सने ओळखले. उत्तर आले, अशक्य. पण विल्किन्सला आठवले की विमान जवळून गेले की रेडिओ संदेशात गडबड होते, असे टपाल खात्याच्या लोकांनी नोंदवले होते. मारता येत नसेल, पण शोधता येईल. माझ्या मते रडारच्या श्रेयातला मोठा वाटा विल्किन्सचा आहे आणि तो त्याला पुरेसा मिळाला नाही. वॉटसन-वॉट बोलके होते, आपली बाजू मांडण्यात कमी पडत नसत.

फेब्रुवारी 1935 मध्ये त्यांनी टिपण सादर केले. 26 फेब्रुवारीला डॅव्हेंट्रीजवळ एका शेतात गाडीत रिसीव्हर ठेवला. बीबीसीचे लघुलहरी केंद्र जवळच होते. हेफोर्ड जातीचे एक बॉम्बफेकी विमान वर फिरवले. विमानावरून परतलेल्या लहरींनी पडद्यावरची खूण हलू लागली, आणि विमान सुमारे 13 किलोमीटर दूर जाईपर्यंत ती हलत राहिली. त्या दिवशी पल्स नव्हती, बीबीसीची अखंड लहर होती. त्यामुळे विमान आहे एवढेच कळले, किती दूर आहे ते नाही. अंतर कळायला ठोका हवा, म्हणजे तो गेला केव्हा आणि आला केव्हा हे मोजता येते. तो ठोका त्याच वर्षी समुद्रकाठच्या ऑर्फर्डनेस येथे सुरू झाला, आणि वर्षअखेर पल्ला सुमारे 100 किलोमीटरवर गेला.

मग बॉडसीच्या जुन्या हवेलीत संशोधन हलले आणि चेन होम ही रडारची साखळी उभी राहिली. युद्ध सुरू झाले तेव्हा सुमारे 20 केंद्रे होती. प्रक्षेपणाचे पोलादी मनोरे 110 मीटर उंच, ग्रहणाचे लाकडी मनोरे 73 मीटर. जर्मनांची रडार याहून सुबक होती. वॉटसन-वॉट यांनी जाडीभरडी पण वेळेत तयार होणारी रचना घेतली. पडद्यासमोर बसायला मुली उत्तम, हा आग्रहही त्यांचा. बॉडसीतल्या टायपिस्ट मुलींपासून सुरुवात झाली, आणि 1940 च्या लढाईत हवाई दलाच्या कित्येक मुली बॉम्ब पडत असताना जागेवरून हलल्या नाहीत.

या साखळीची लय काय होती? सेकंदाला 25 ठोके, देशाच्या वीजपुरवठ्याच्या 50 आवर्तनांशी बांधलेले. म्हणजे दर 40 मिलिसेकंदांनी एक, दिवसभर, किनाऱ्याच्या सगळ्या केंद्रांवर. घड्याळासारखी नियमित गोष्ट शत्रूला किती सोयीची, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. 1939 च्या मे आणि ऑगस्टमध्ये जर्मन संदेश दलाचे जनरल मार्टिनी यांनी ग्राफ झेपेलिन हे प्रचंड हवाई जहाज रिसीव्हर लावून ब्रिटिश किनाऱ्याजवळ पाठवले. ठोके आसमंतात भरलेले होते. चेन होमच्या पडद्यावर ते जहाज दिसत होते. आणि जहाजातल्या माणसांना ते ठोके रडारचे आहेत हे ओळखता आले नाही. नुसते ऐकू येणे आणि नाडी ओळखणे यांतले अंतर एवढे असते.

पुढे ते शिकले. फेब्रुवारी 1942 मध्ये शार्नहोर्स्ट, ग्नायसेनाउ आणि प्रिंझ ऑयगेन या जर्मन युद्धनौका फ्रान्सच्या ब्रेस्टहून मायदेशी निघाल्या आणि भर दिवसा इंग्लिश खाडीतून गेल्या. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून जॅमिंग आधीच सुरू झाले होते, आणि तेही दिवसागणिक थोडे थोडे वाढवत नेलेले. ब्रिटिश किनाऱ्यावरच्या रडारवाल्यांना ते हवामानाचे उपद्रव वाटत गेले. 12 तारखेला नौका उशिरा दिसल्या. लेफ्टनंट कमांडर एस्मंड सहा जुनी स्वोर्डफिश विमाने घेऊन गेले. सहाही विमाने पडली, 18 पैकी 13 जण मारले गेले. एस्मंड यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी सरावातला पूल घालवला होता, तिथे माणसे गेली. म्हणून आजही पडद्यावर गोंगाट वाढलेला दिसला तर पाऊस म्हणून सोडून देऊ नका, असे मी शिकाऊ मुलांना सांगत असे.

जॅमिंगला उत्तर म्हणून चेन होमवर एक जोड बसवण्यात आली. ठोका ठरल्या क्षणी न सोडता थोडा मागेपुढे हलवून सोडायचा. रडारला स्वतःला माहीत असते की तो केव्हा सुटला, म्हणून त्याचे खरे प्रतिध्वनी पडद्यावर स्थिर राहतात. जॅमरने ठराविक लयीत पाठवलेले खोटे ठोके मात्र इकडेतिकडे पळू लागतात. आजच्या रडारचे ठोके याहून कितीतरी चतुराईने हलतात, आणि ते धरणारी यंत्रेही तशीच झाली आहेत. आपल्याकडे हैदराबादच्या संरक्षण इलेक्ट्रॉनिक्स संशोधन प्रयोगशाळेत हेच काम चालते. ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

त्याच युद्धात विजेची ती रेघ समुद्रावर गेली. जर्मन पाणबुड्या अगदी छोटे संदेश पाठवत, इतक्या वेळात कोणाला दिशा सापडणार नाही या भरवशावर. ब्रिटिश जहाजांवर वॉटसन-वॉट यांच्या तत्त्वाचे यंत्र होते. संदेश सुरू झाला की पडद्यावर रेघ, आणि रेघेच्या दिशेने रक्षक जहाज धावत सुटे. कित्येक पाणबुड्यांचा माग असा लागला. हवामान खात्यातल्या कुरकुरीच्या नोकरीचा असा उपयोग झाला.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगता येत नाही. धातूच्या पातळ पट्ट्या विमानातून टाकून शत्रूचे रडार भांबावून सोडण्याची युक्ती ब्रिटिशांकडे 1942 मध्येच तयार होती. ती वापरू नये असे म्हणणाऱ्यांत वॉटसन-वॉट होते. शत्रूही तीच युक्ती आपल्यावर उलटवेल ही भीती अनेकांना होती आणि ती खोटी नव्हती. पण आपण जन्म दिलेले रडार आंधळे होताना पाहणे त्यांना जड जात असावे, असे मला वाटते. अखेर 24 जुलै 1943 च्या रात्री हँबर्गवर पट्ट्या टाकल्या गेल्या. 791 विमानांपैकी 12 च परतली नाहीत, एरवीच्या मानाने फार कमी. त्यानंतरच्या काही रात्रींत त्या शहरात हजारो सामान्य माणसे जळून मेली, हेही त्याच हिशेबात धरावे लागते.

1942 मध्ये त्यांना सर किताब मिळाला, युद्धानंतर सरकारकडून मोठी रक्कमही मिळाली. मग ते सल्लागार झाले, काही वर्षे कॅनडात राहिले. 1966 मध्ये त्यांनी तिसरे लग्न केले, ते डेम कॅथरिन ट्रेफ्युसिस-फोर्ब्स यांच्याशी. पडद्यासमोर बसणाऱ्या त्या मुलींच्या दलाच्या त्या पहिल्या प्रमुख होत्या. 5 डिसेंबर 1973 रोजी इनव्हरनेस येथे वॉटसन-वॉट वारले. पिटलॉक्री येथे दोघांची समाधी आहे.

कॅनडातला एक प्रसंग नातवाला सगळ्यात आवडला. गाडी वेगाने चालवल्याबद्दल पोलिसांनी त्यांना थांबवले, आणि वेग मोजला होता रडारने. साडेबारा डॉलर दंड झाला. त्यांनी तो भरला आणि पुढे स्वतःवरच एक विनोदी कविता लिहिली.

हे मी गच्चीवर सांगत होतो. समोरून आलमबागच्या मेट्रोचे डबे जात होते. नातवाला मी डोळे मिटून पुढची गाडी केव्हा येईल ते मोजायला लावले होते. दोनदा बरोबर आले, तिसऱ्यांदा गाडी उशिरा आली आणि त्याने विरुद्ध दिशेची गाडी आपली म्हणून मोजली. मग त्याने विचारले की वॉटसन-वॉट यांच्या गाडीत जॅमर असता तर दंड वाचला असता का. मी सांगितले की पोलिसांचे ते रडार ठोके मारत नाही, अखंड लहर सोडते आणि परतलेल्या लहरीची वारंवारता किती बदलली ते पाहते. तिथे धरायला लयच नाही. ते कसे फसवायचे, हे त्याने पुढच्या सुटीत ऐकायचे ठरवले आहे. तोवर त्या दोन चौकटींची आकृती वहीत काढून घेऊन तो शाळेला परत गेला.